कमी फटक्यांचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

दर वर्षी आपल्या वार्षिक अंकात क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांवर एखादा तरी लेख असतो. या वेळी मी गोल्फवर लिहिणार असे सांगितले तेव्हा वर्गातले मित्र हसले. एकाने विचारले, "अरे, तुझा आणि गोल्फचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देणे मी दोन वर्षे टाळत आलो होतो. म्हणून आधी ते उत्तर देतो आणि मग विषयाकडे वळतो.

गोल्फच्या मैदानावर माणसे जोडीने चालतात. एक जण खेळतो आणि दुसरा त्याची पिशवी खांद्यावर घेऊन चालतो. या दुसऱ्याला कॅडी म्हणतात. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातले आपले गाव सोडून पुण्यास आले आणि एका गोल्फ मैदानावर गवत कापण्याच्या कामाला लागले. वडील शाळेत असतानाच तेथे 'आगेवाला' झाले. आगेवाला म्हणजे पुढे उभे राहून चेंडू कोठे पडला हे पाहणारा. पुढे ते कॅडी झाले, ते आजतागायत. गेली तीन वर्षे दर रविवारी पहाटे मीही पिशवी उचलतो. त्यातून माझी फी, पुस्तके आणि बसचा पास निघतो. आजी शेजारणींना सांगते, "पोरगं कालिजात शिकतंय अन् रविवारचं साहेबांच्या काठ्या वाहतंय." तिच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाच्या आहेत. माझ्या दृष्टीने तशा नव्हत्या, हे कबूल करतो.

आता विषय. हौशी गोल्फ खेळणाराचे फटके कमी कसे व्हावेत? आणि एखाद्या रविवारी नशिबाने नव्हे, तर सातत्याने कमी कसे राहावेत? या प्रश्नावर आमच्या मैदानावर रोज चर्चा होते. खेळणारे करतात आणि झाडाखाली बसलेले कॅडीही करतात. खेळणारांची उत्तरे बहुधा नव्या काठीपाशी येऊन थांबतात. कॅडींची उत्तरे वेगळी असतात, पण ती त्यांना कोणी विचारत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक आदर्श संख्या ठरलेली असते, तिला 'पार' म्हणतात. अंतराप्रमाणे ती तीन, चार किंवा पाच असते आणि पूर्ण लांबीच्या मैदानावर सर्व मिळून साधारण ७० ते ७२ भरते. जेथून सुरुवात करायची ती जागा म्हणजे टी. कापलेल्या गवताचा मधला पट्टा म्हणजे फेअरवे, दोन्ही अंगांचे वाढलेले गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर आणि शेवटची गालिच्यासारखी हिरवळ म्हणजे ग्रीन. ग्रीनवर निशाण लावलेला सव्वाचार इंच रुंदीचा खळगा असतो. त्यात चेंडू गेला की होल संपला. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. सर्वांत लांब मारा करणारी काठी म्हणजे ड्रायव्हर. ग्रीनवर चेंडू जमिनीवरून घरंगळत नेण्याची काठी म्हणजे पटर. पार ठरवताना प्रत्येक होलला पटरचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे पार ७२ असेल तर त्यातले निम्मे, ३६ फटके, ग्रीनवरचेच झाले.

क्रिकेटमध्ये धावा वाढवायच्या असतात, येथे आकडा कमी करायचा असतो. वाढवण्याच्या खेळाची विचारसरणी वेगळी आणि कमी करण्याच्या खेळाची वेगळी. आमचे बहुतेक हौशी साहेब गोल्फ खेळतात, पण मनातून क्रिकेट खेळत असतात. त्यांना षटकार हवा असतो. परंतु लांब फटक्याला येथे जादा गुण नाहीत. अडीचशे यार्डांचा फटका एक आणि एक फुटाचा फटकाही एकच. हे सर्वांना ठाऊक असते, तरीही टीवर उभे राहिले की विसरायला होते.

मी ज्यांची पिशवी घेतो ते साहेब निवृत्त अभियंता आहेत. स्वभावाने सज्जन, वेळेचे पक्के. गेल्या वर्षी एका रविवारी खेळ संपल्यावर ते बाकावर बसून म्हणाले, "दहा वर्षं झाली, धडे घेतले, नवा ड्रायव्हर आणला. आकडा काही शंभराच्या खाली राहत नाही. का रे?" मी गप्प राहिलो. कॅडीने विचारल्याशिवाय बोलू नये आणि विचारल्यावरही बेताने बोलावे, हा आमच्या घरातला पहिला धडा. रात्री वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "तोंडानं सांगू नको. वहीत लिहून ठेव. मागतील तेव्हा दाखव."

पुढच्या रविवारी मी खिशात छोटी वही ठेवली. त्या दिवशी साहेबांचे १०२ फटके झाले. पार ७२, म्हणजे ३० जास्त. घरी येऊन मी त्या तिसांचा हिशेब मांडला. दोन चेंडू हद्दीबाहेर गेले होते. मैदानावर याला 'ओबी' म्हणतात. ओबी गेल्यास एका फटक्याचा दंड होतो आणि पुन्हा मूळ जागेवरून मारावे लागते. टीवरचा पहिलाच चेंडू गेला तर दुसरा मारताना तो तिसरा फटका मोजला जातो. म्हणजे दर चेंडूमागे दोन, एकूण चार फटके गेले. एक चेंडू पाण्यात गेला, त्याचा दंड एक. झाडांत अडकलेला चेंडू फांद्यांतून काढण्याच्या हट्टापायी दोन. बंकरमधून चेंडू पहिल्या प्रयत्नात न निघाल्याने दोन. ग्रीनच्या अगदी जवळून मारलेले चेंडू जागीच राहिले किंवा पलीकडे गेले, त्याचे चार. आणि पाच होलांवर पटरचे दोनऐवजी तीन फटके लागले, ते पाच. एकूण अठरा. म्हणजे दर होलला एक फटका वाया!

उरलेले बारा म्हणजे साहेबांची खरी उणीव. त्यांचा चेंडू ठरलेल्या फटक्यांत ग्रीनवर पोचत नाही. ती उणीव भरून काढायला चांगला शिक्षक, अंगातली ताकद आणि काही वर्षे लागतील. पण अठरा फटके वाया गेले ते कौशल्य नाही म्हणून नव्हे. त्यांतले बरेचसे निवड चुकली म्हणून गेले. कौशल्य उद्या येणार नाही, पण निवड पुढच्या रविवारपासूनही बदलता येते. या लेखात मला जे सांगायचे आहे त्याचे सार हेच : हौशी माणसाचा आकडा उतरतो तो डोळे दिपवणाऱ्या फटक्यांनी नव्हे, तर वाया जाणारे फटके वाचवल्याने.

महिन्याभराने साहेबांनी वही मागितली. त्यांनी ती दोनदा वाचली, काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांचे 'एव्हरी शॉट काउंट्स', प्रकाशन २०१४. शब्दकोश जवळ घेऊन मी ते दिवाळीच्या सुट्टीत वाचले. ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून असे दाखवले की चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्या आकड्यांत जो फरक असतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांबाहेरून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो. आमच्या मैदानावरची जुनी समजूत उलटी होती : लांब फटका दाखवण्यापुरता, खरा खेळ पटरचा. वडीलही हेच मानत. मी त्यांना ब्रॉडी यांचे म्हणणे सांगितले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरोबरच आहे की. ओबी गेलेला चेंडू लांबच्याच फटक्यातला ना?" चौथी शिकलेल्या माणसाने प्राध्यापकाचे म्हणणे एका वाक्यात आपल्या मैदानावर आणून बसवले, याचे मला नवल वाटले.

तेव्हा पहिली गोष्ट टीवरची. येथे चेंडू खेळात ठेवणे हे पहिले काम. अरुंद होलवर ड्रायव्हरचा मोह टाळून, जी काठी भरवशाची आहे ती घ्यावी. वीस-तीस यार्ड कमी पडतील, पण दोन फटके वाचतील. टीवर उभे राहण्याची जागाही निवडता येते. उजवीकडे ओबी असेल तर टीच्या उजव्या कडेला चेंडू ठेवावा आणि डावीकडे नेम धरावा, म्हणजे संकटाकडे पाठ फिरवल्यासारखे होते. चेंडू हरवला असावा किंवा हद्दीबाहेर गेला असावा असा संशय आला, तर तसे जाहीर करून तेथूनच दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवावा. २०१९ पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. पुढे जाऊन शोधायचे, मग मान खाली घालून परत यायचे, यात वेळ जातो आणि पुढचे दोन होल बिघडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले खरे अंतर. साहेबांना सात नंबरच्या आयर्नने १५० यार्ड गेलेला एक चेंडू आठवतो. तो गेला होता, मी साक्षीदार आहे. पण माझ्या वहीत त्याच काठीने गेलेले बहुतेक चेंडू १३० च्या आसपास आहेत. आठवण उत्तम फटक्याची राहते आणि खेळावे लागते नेहमीच्या फटक्याने. म्हणून हौशी खेळाडूंचे चेंडू ग्रीनच्या अलीकडेच जास्त पडतात, आणि बहुतेक ठिकाणी बंकर अलीकडेच खणलेले असतात! उपाय साधा आहे. प्रत्येक काठीचे नेहमीचे अंतर लिहून काढावे आणि शंका असेल तेथे एक काठी मोठी घ्यावी. नेमही निशाणावर धरू नये, ग्रीनच्या मध्यावर धरावा. निशाण कडेला असते तेव्हा ते आमिष असते. मध्यावर मारलेला चेंडू थोडा डावा-उजवा झाला तरी ग्रीनवरच राहतो.

तिसरी गोष्ट संकटातून सुटण्याची. चेंडू झाडांत गेला की साहेबांना दोन फांद्यांच्या मधली एक फट दिसते. कॅडीला फांद्या दिसतात. अशा वेळी आडवा फटका मारून चेंडू फेअरवेवर आणावा. त्यात एक फटका जातो हे खरे, पण एकच जातो. हट्टाने मारलेला चेंडू बुंध्यावर आपटून आणखी आत गेला की तीन जातात. एका होलवर एक जास्त झाला तर भरून निघतो. चार जास्त झाले की सगळ्या दिवसावर पाणी पडते. हौशी माणसाचा आकडा असे दोन-तीन होलच बिघडवतात.

चौथी गोष्ट ग्रीनच्या आसपासची. दूरदर्शनवर व्यावसायिक खेळाडू चेंडू उंच उडवून निशाणाशेजारी अलगद टाकतात. ते पाहून आमच्याकडेही सर्व जण तेच करू पाहतात. वडिलांचा नियम असा : घरंगळत नेता येत असेल तर उडवू नये, आणि उडवावाच लागला तर कमीत कमी उडवावा. ग्रीनबाहेरचे गवत बारीक कापलेले असेल तर तेथूनही पटरच वापरावा. पटरचा वाईट फटका चार-सहा फूट चुकतो, उंच उडवण्याचा वाईट फटका तीस यार्ड चुकतो. बंकरमध्ये मात्र चेंडूला मारायचेच नसते. चेंडूच्या मागे एक-दोन इंच वाळूत काठी घालायची आणि हात न थांबवता पूर्ण फिरवायचा. वाळूच चेंडूला बाहेर आणते. हौशी माणूस वाळूच्या भीतीने मध्येच हात आखडतो आणि चेंडू तेथेच राहतो.

पाचवी गोष्ट पटरची. यासंबंधी ब्रॉडी यांच्या पुस्तकातला एक आकडा मी साहेबांना मोठ्या अक्षरात लिहून दिला. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून निम्म्याच वेळा चेंडू खळग्यात घालतात. वीस फुटांवरून शंभरात सुमारे पंधरा वेळा. जगातले उत्तम खेळाडू जर वीस फुटांवरून पंच्याऐंशी वेळा चुकतात, तर रविवारी खेळणाऱ्याने तेथून चुकल्यावर कपाळ बडवून घेण्याचे कारण नाही. लांबच्या फटक्यात खळगा हे उद्दिष्ट नव्हेच. खळग्याभोवती तीन फुटांचे रिंगण कल्पावे आणि चेंडू त्यात थांबवावा, म्हणजे पुढचा फटका सोपा होतो. तिसरा फटका लागतो तो बहुधा दिशा चुकल्याने नव्हे, तर जोर चुकल्याने. लहानपणी आपण सर्वांनी गोट्या खेळल्या आहेत. गोटी गलीवरून जोरात गेली तर उडून पलीकडे जाते आणि बेताने गेली तर कडेवरूनही आत पडते, हे त्या वयातही समजत असे. सरावही तसाच करावा. तीस फुटांवरून फक्त जोराचा अंदाज घ्यावा, आणि तीन फुटांवरून चेंडू आत पडल्याचा आवाज ओळखीचा होईपर्यंत मारावे.

आपल्याकडचे याचे उत्तम उदाहरण म्हणजे अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ती चौथी आली. पदक मिळवणाऱ्यांपेक्षा तिचे लांब फटके आखूड पडत होते, तरी ग्रीनवरच्या अचूकपणामुळे ती शेवटपर्यंत स्पर्धेत राहिली. चार दिवस, ७२ होल, आणि कांस्यपदक हुकले ते अवघ्या एका फटक्याने! एका फटक्याची किंमत किती, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

सहावी गोष्ट डोक्याची. एक होल बिघडला की पुढचा होल रागाने खेळला जातो आणि तोही बिघडतो. वडिलांची यावर एक युक्ती आहे. वाईट होलनंतर साहेबांनी हात पुढे केला की ते काठीच्या आधी पाण्याची बाटली देतात. पाणी पिऊन होईपर्यंत अर्धा मिनिट जातो आणि तेवढा पुरतो. प्रत्येक फटक्याआधी तेच ते करावे : मागून रेषा पाहावी, एकदा काठी हवेत फिरवावी, उभे राहावे, मारावे. नेहमीची वाट असली की मन भलतीकडे जात नाही.

आणि सातवी गोष्ट, जी सांगताना मला थोडा संकोच होतो. कॅडीला विचारावे. १९१३ साली अमेरिकेतल्या ब्रुकलाइन येथे अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. तीत फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा हौशी खेळाडू, जो स्वतः पूर्वी कॅडी होता, हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडकडच्या दिग्गजांशी बरोबरीत आला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक अठरा होलांत त्याचे ७२ झाले, व्हार्डनचे ७७ आणि रेचे ७८. त्याची पिशवी घेऊन एडी लाऊरी नावाचा दहा वर्षांचा मुलगा चालत होता. ऐन वेळी मोठा कॅडी देऊ केला असताना विमेटने त्या मुलाला सोडले नाही. आपल्याकडेही दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकली. पिशवी वाहताना माणूस फक्त वजन वाहत नाही. तो पाहत असतो, मनात मोजत असतो.

मोजण्याचा विषय निघाला म्हणून शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. गोल्फमध्ये रोजच्या खेळात पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे आणि कार्डावर लिहायचे. त्यामुळे आकडा कमी करण्याचा एक सोपा मार्ग सर्वांनाच उपलब्ध आहे, तो म्हणजे खोडरबर. रफमध्ये पायाने सरकलेला चेंडू, 'हा काय पडलाच असता' म्हणून न मारता उचललेला तीन फुटांवरचा चेंडू, विसरलेला एक फटका. वडील तरुण असताना एका खेळणाऱ्याने त्यांना विचारले, "किती झाले? सहा ना?" वडिलांनी मोजले होते सात, आणि त्यांनी सात सांगितले. पुढच्या आठवड्यापासून त्या पिशवीसाठी दुसरा कॅडी आला. आमच्या घरात त्या महिन्यात काय कमी पडले असेल ते मी विचारले नाही. पण वडील ही गोष्ट सांगतात तेव्हा आवाज चढवत नाहीत. "सात होते तर सातच," एवढेच म्हणतात.

बॉबी जोन्स हा अमेरिकन खेळाडू शेवटपर्यंत हौशीच राहिला आणि १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या. त्याच्या आधी, १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये, रफमध्ये फटका मारण्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्सने स्वतःहून एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो बरोबरीत राहिला आणि निर्णायक खेळात हरला. तो एक फटका लपवला असता तर तो विजेता ठरला असता. ही हकीकत मी वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्याच्याबरोबर कॅडी कोण होता, ते लिहिलंय का?"

प्रामाणिक मोजणी ही केवळ नीतीची बाब नाही, उपयोगाचीही आहे. खोट्या कार्डावरून आपले फटके कोठे वाया जातात हे कळत नाही, आणि जे कळत नाही ते सुधारता येत नाही. साहेबांचे १०२ खरे होते म्हणून त्यांतले अठरा सापडले. कार्डावर ९६ असते तर माझ्या वहीला काही अर्थ राहिला नसता.

आता निकाल सांगतो. चमत्कार झाला नाही. पुढच्या रविवारी ९४ झाले, मग ९७, मग ९३. श्रावणात रफ गुडघ्याला लागतो, तेव्हा एकदा पुन्हा १०१ झाले. दिवाळीनंतर ९१. साहेबांचा ड्रायव्हर पूर्वीइतकाच जातो, फक्त अरुंद होलवर तो पिशवीतून निघत नाही. सातत्य म्हणजे दर वेळी उत्तम खेळ, असा समज चुकीचा आहे. २०२० पासून जगभर जी हँडिकॅप पद्धत लागू झाली, तीतही खेळाडूच्या शेवटच्या वीस खेळांपैकी उत्तम आठच धरतात. बाकीचे बारा त्याहून वाईट असणार, हे पद्धतीनेच मान्य केले आहे. सातत्य म्हणजे वाईट दिवस कमी वाईट होणे. साहेबांचा वाईट दिवस आता त्यांच्या पूर्वीच्या नेहमीच्या दिवसासारखा असतो. मला वाटते, हौशी माणसाने एवढेच मागावे, आणि एवढे मिळू शकते.

त्या ९१ च्या दिवशी साहेबांनी मला विचारले, "हे सगळं तुला शिकवलं कोणी?" मी म्हणालो, "वडिलांनी." ते म्हणाले, "इतकी वर्षं ते इथंच होते की. मी कधी विचारलंच नाही." मी काही बोललो नाही, कारण मीही त्यांना कधी विचारले नव्हते.

मित्रहो, पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. मी तेथे 'नोकरी' असे लिहिले होते. ते पूर्ण खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. सातच्या जागी सहा लिहिण्याचाच तो प्रकार होता. या वर्षी अर्ज भरताना त्या रकान्यापाशी मी थोडा थांबलो. मग स्वच्छ अक्षरात लिहिले : कॅडी. खिडकीतल्या बाईंना तो शब्द नवा होता. त्यांनी विचारले, "कॅडी म्हणजे काय रे?" मागे रांग होती म्हणून तेव्हा थोडक्यात सांगितले. राहिलेले येथे सांगितले आहे.